दोन वाट्यांचा स्वयंपाक

एक मध्यम बटाटा मायक्रोवेव्हमध्ये चार-पाच मिनिटांत शिजतो. दोन ठेवले तर वेळ जवळजवळ दुप्पट होतो आणि आठ ठेवले तर गॅसवरचा कुकर केव्हाच पुढे निघून जातो. ही साधी गोष्ट उमगायला मला बरीच वर्षं लागली. बँकेत आयुष्यभर आकडेमोड केलेल्या बाईला हे आधीच कळायला हवं होतं, पण स्वयंपाकघरात शिरताना आपण हिशेब बाहेर ठेवतो.

आमच्या घरात मायक्रोवेव्ह आला तो लोकलमधून, असं मी म्हणते. चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी ५ मे १९९२ रोजी सुरू झाली. त्या पहिल्या गाडीत मी नव्हते, पण पुढची कितीतरी वर्षं माझा संध्याकाळचा प्रवास तिच्यातच झाला. मांडीवर पिशवी पसरून गवार मोडायची, मटार सोलायचे, आणि अंधेरी येईपर्यंत उद्याच्या डब्याचं ठरवायचं. 'पापड अर्ध्या मिनिटात भाजतो, तेलाचा थेंब नको,' असं एक कांदिवलीकरीण रोज सांगायची. १९९५ साली वेतनकराराच्या फरकाचे पैसे हातात आले, तसा मी ओव्हन घेऊन टाकला. त्याच्यासाठी पंधरा अँपिअरचा वेगळा प्लगही बसवून घेतला.

घरात तेव्हा सात माणसं. सासू-सासरे, धाकटे दीर, आम्ही दोघं आणि दोन मुलं. ओव्हनबरोबर आलेल्या पुस्तकात केक होता, भाजलेलं पनीर होतं, कसलेकसले पुलाव होते. साधी आमटी मात्र नव्हती. त्यातून पहिली अट अशी की स्टीलची भांडी चालणार नाहीत. म्हणजे देणाऱ्याचं नाव आणि तारीख घातलेले आमचे सगळे डबे, पातेली, वाट्या एका फटक्यात बाद! काचेची दोन भांडी आणली. सोनेरी काठाची एक बशी आत ठेवली, तर आत ठिणग्या उडाल्या. धाकट्याने एकदा अख्खं अंडं उकडायला ठेवलं, त्याचे तुकडे मी ओव्हनच्या छतावरून खरवडून काढले.

सासूबाईंनी सुरुवातीलाच निकाल दिला होता, ''ज्याला जाळ नाही, त्याला शिजलं कसं म्हणायचं गं?''

मला राग आला होता. बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल रंगराजन समितीचा अहवाल १९८४ सालचा. त्यानंतर आमच्याकडे यंत्रावरून जे वाद झाले ते मी पाहिले होते, आणि आता घरीही तेच. पण त्यांचा प्रश्न काही अडाणी नव्हता. हे यंत्र रडारच्या पोटातून जन्मलं. १९४५ साली अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली मिठाईची वडी चालू मॅग्नेट्रॉनजवळ विरघळली, अशी त्याची जन्मकथा सांगतात. घरच्या ओव्हनमधल्या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तनं करतात, त्यांच्यामागे पाण्याचे रेणू धावतात आणि पदार्थ तापतो. लहरी दोन-तीन सेंटिमीटर आत पोचतात, पुढची उष्णता पदार्थातून हळूहळू सरकते. म्हणून बाहेर काढल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवायचं. ओलाव्यात शिजणारा पदार्थ पाण्याच्या उकळबिंदूच्या फारसा वर जात नाही, म्हणून त्याला खरपूसपणा येत नाही. वांगं टोचून ठेवलं तर दहा मिनिटांत मऊ होतं, पण ते भरीत नव्हे. धूर कुठून आणणार? मोहरीही गॅसवर तडतडते तशी इथे तडतडत नाही. जाळ हवाच, हे सासूबाईंचं म्हणणं निम्मं तरी बरोबर होतं.

सात माणसांच्या घरात ते यंत्र मग अन्न गरम करायचं कपाट होऊन बसलं. वरणभात कुकरला, पोळ्या तव्यावर. दाणे भाजून कूट करायला त्याचा उपयोग सासूबाईंनी स्वतःच शोधला. एक वाटी दाणे, मिनिटा-मिनिटाने हलवून चारेक मिनिटं. करपत नाहीत, हात भाजत नाही. हे त्यांनी मला बजावून सांगितलं, जणू यंत्र त्यांनीच आणलं होतं.

सासरे २००४ साली गेले. दीर वेगळे झाले, मुलं शिकायला बाहेर पडली. २००९च्या सुमारास सासूबाई विसरायला लागल्या. दोनदा दूध करपलं. एकदा शेगडी न पेटवताच गॅस सुरू राहिला. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही दोघं कामावर निघताना सिलिंडर बंद करू लागलो. ''माझ्याच घरात माझी चूल बंद?'' त्या म्हणाल्या. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी चाळीस वर्षं त्या ओट्यावर रांधलं होतं.

उरला तो जाळ नसलेला ओव्हन. त्याला वेळेची फिरती खुंटी होती. टिंग झालं की आपोआप बंद. दोन मिनिटांच्या खुणेवर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, तो चहासाठी. पंधरा मिनिटांवर दुसरा, तो खिचडीसाठी. तांदूळ-डाळ मोजून काचेच्या भांड्यात ठेवून जायचे, पाण्यासाठी शेजारी वाटी. त्या ओव्हनसमोर स्टूल ओढून बसत आणि काचेतून फिरणाऱ्या भांड्याकडे बघत राहत. एका संध्याकाळी सात वाजता घरी आले, तर टेबलावर माझ्यासाठी झाकून ठेवलेली खिचडी. गार झालेली आणि मीठ विसरलेली. मी ती सगळी खाल्ली. मीठ मागितलं नाही.

२०१२ साली त्या गेल्या. पुढे ते यंत्रही गेलं. आता घरात आम्ही दोघंच, आणि नव्या ओव्हनचं खरं काम आत्ता सुरू झालं आहे. दोघांपुरत्या सुरळीच्या वड्या अर्धी वाटी बेसन आणि दीड वाटी पातळ ताकाच्या. हळद, मीठ, आलं-मिरची घालून गुठळ्या मोडायच्या आणि दर मिनिटाला बाहेर काढून घोटायचं. चार-पाच मिनिटांत पीठ पसरण्याजोगं होतं. गॅसवर हेच ढवळताना माझा खांदा भरून येई.

खिचडीला अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवायची, मग ते पाणी काढून अडीच वाट्या ताजं पाणी, हळद, मीठ. भांडं खोल घ्यावं, उतू जातं. पंधरा मिनिटं ठेवून मग पाच मिनिटं झाकण न काढता थांबायचं. थांबणं नवऱ्याला जमत नाही, तरी मंगळवारी आणि शनिवारी खिचडी तेच करतात. पस्तीस वर्षं ते ऑफिसातून येऊन पेपर वाचत बसले, त्याची ही वसुली व्याजासकट नव्हे, नुसती मुद्दलाची. फोडणी मात्र मी गॅसवरच करते, कारण ते मोहरी जाळतात. नव्या ओव्हनला खुंटी नाही, गुळगुळीत बटणं आहेत, आणि त्यांवरची इंग्रजी अक्षरं आम्हा दोघांनाही चष्म्याशिवाय दिसत नाहीत. गेल्या महिन्यात मी दोन बटणांवर लाल ठिपके देऊन ठेवले.