वातायनाचे वस्त्र

संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ आणि ‘गवाक्ष’ अशी दोन नावे आहेत. पहिल्यात वाऱ्याची वाट आहे, दुसऱ्यात गाईच्या डोळ्याची उपमा. पडद्याला अमरकोशाने प्रतिसीरा, जवनिका व तिरस्करिणी ही नावे दिली. शेवटचे नाव ऐकून कोणी दचकू नये. तिरस्कार या शब्दाच्या मुळाशी ‘आड करणे’ एवढाच अर्थ आहे. वाऱ्याची वाट न बुजवता जे झाकायचे तेवढेच झाकणारे वस्त्र, अशी पडद्याची व्याख्या यातून सहज हाती येते. गणरायाच्या आगमनापूर्वी घराघरांतून पडदे बदलण्याची लगबग सुरू होते, आणि नेमका तेव्हाच या व्याख्येचा विसर पडतो.

मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना जाड भिंतींच्या घरात निवारा कसा मिळतो हे सांगायला नको. आजच्या घरांच्या भिंती पातळ आणि काचा रुंद. त्यामुळे पूर्वी भिंतीने केलेले काम आता कापडाने करायचे आहे. ते काम गावोगाव वेगळे. साताऱ्यात पावसाळी वारा पडदा थेट खोलीत उडवतो. तेथे खालची दुमड दुहेरी घालून तीत कापडाची जाड पट्टी भरावी, म्हणजे पडदा वजनाने जागी राहतो. सांगलीत चैत्र-वैशाखातले पश्चिमेचे ऊन हा खरा प्रश्न. तेथे मांजरपाटाचे अस्तर हवेच. बाजारातला तयार पडदा दोन्ही गावांना एकच उत्तर देतो.

कापडाला या भागात तोटा नाही. सांगलीशेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, आणि ते गाव पुढे वस्त्रनगरी म्हणून नावारूपाला आले. नवे सुती कापड मात्र बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावे. नाहीतर पहिल्या धुण्यातच पडदा आखूड होतो.

परंतु आमचे मत विचाराल तर कपाटातले जुने नऊवारी लुगडे आधी काढावे. चार फूट रुंद, चार फूट उंच खिडकी धरा. दांडी चौकटीच्या चार इंच वर, पडदा चौकटीखाली सहा इंच. वरच्या नेफ्याला चार आणि खालच्या दुमडीला चार इंच. एकूण साडेपाच फूट. लुगड्याचा पन्हा चार फुटांच्या आसपास असतो, म्हणून एका खिडकीला दोन तुकडे घेतले की खिडकीच्या दुप्पट घेर मिळतो आणि चुण्या भरदार पडतात. सत्तावीस फुटांतून दोन खिडक्यांचे बावीस फूट गेले, पाच फूट उरले. काठ दोन्ही बाजूंना आपोआप उभे येतात. तेथे शिवण घालावीच लागत नाही. रेशमी लुगडे असेल तर अस्तरावाचून टांगू नये, उन्हाने रेशीम विरते.

आरासीजवळच्या खिडकीला मात्र झुळझुळता पडदा नको. समई आणि निरांजनाच्या शेजारी वाऱ्याने उडणारे कापड म्हणजे संकटाला आमंत्रण. तेथे घड्या पडत वर जाणारा सपाट पडदा शिवावा. मागच्या बाजूला वीतभर अंतरावर लहान कड्या टाकून त्यांतून दोऱ्या ओवाव्या, तळाशी लाकडी पट्टी घालावी. दोऱ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच खुंटीला गुंडाळाव्या. लोंबता फास लहान मुलांच्या गळ्याशी येऊ शकतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईचे पाणी सांगलीत शिरले आणि काही आठवड्यांतच, २ सप्टेंबरला, गणेश चतुर्थी आली. आमच्या परिचयातल्या एका घरी सामान बहुतेक वाया गेले होते. माळ्यावरच्या ट्रंकेत सासूबाईंचे एक इरकली लुगडे तेवढे कोरडे राहिले. ते कापावे की नाही यावर दोन दिवस वाद झाला. थोरल्या जावेचे म्हणणे, आठवण म्हणून जपावे. धाकटीचे म्हणणे, उघड्या खिडक्यांच्या घरात देव कसा बसवायचा? अखेर थोरलीनेच कात्री हातात घेतली. दोन खिडक्या झाल्या. उरलेल्या पाच फुटांत पदर होता. त्याचा देव्हाऱ्याला पडदा झाला, आणि नैवेद्याच्या वेळी तो आजही ओढला जातो.