तर्री-पोहे झाले की चहा? तासभर थांबा!

सकाळचे आठ वाजलेत. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत पोह्यांच्या गाडीभोवती ही गर्दी. पिवळेधमक वाफाळते पोहे, त्यावर भिजवलेल्या हरभऱ्यांची झणझणीत तर्री, चिरलेला कांदा, मूठभर सांबार आणि लिंबाची फोड. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) प्लेट रिकामी व्हायच्या आतच शेजारच्या टपरीवर हाक जाते, "भाऊ, दोन कट सांगा!"

कुठले पोहे चांगले, कोणाच्या तर्रीला दम आहे, यावर विदर्भातला माणूस तासभर भांडू शकतो. आज आपण त्या भांडणात पडायचं नाही. आज बोलायचं आहे ते त्या शेवटच्या चहाबद्दल. कारण ही प्लेट पोषणाच्या दृष्टीने फार विचारपूर्वक जुळून आलेली आहे, आणि वरून घेतलेला चहा तिच्यातल्या एका महत्त्वाच्या गोष्टीवर पाणी फिरवतो. ती गोष्ट म्हणजे लोह.

निम्म्याहून जास्त घरांचा प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण 68.9 टक्के आहे. म्हणजे तुमच्या घरी नसेल, तर शेजारच्या घरी नक्की आहे.

रक्तक्षय असलेली बाई आजारी दिसतेच असं नाही. ती कामं उरकत असते. फक्त जिना चढताना धाप लागते, दुपारी अंग गळून जातं, डोकं जड राहतं. कॉलेजातल्या मुलीचं अभ्यासात लक्ष लागत नाही आणि घरचे म्हणतात, मोबाईलमुळे. कुणाला कच्चे तांदूळ, खडू किंवा माती खाविशी वाटते. ही नुसती खोड नसते, लोहाच्या कमतरतेचं ते एक ओळखीचं लक्षण आहे. गर्भारपणात तर रक्तक्षय आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतो. दिवस भरण्याआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ आणि बाळंतपणातला रक्तस्राव न झेपणं, हे सगळे धोके वाढतात.

अशा वेळी आपल्याकडचा ठरलेला सल्ला असतो, "पालक खा, बीट खा." सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. आपल्या ताटात लोह अगदीच नसतं असं नाही. अडचण अशी, की ताटातलं लोह रक्तापर्यंत पोचत नाही.

ताटातून रक्तात

अन्नातलं लोह दोन प्रकारचं असतं. मटण, कलेजी, मासे यांतल्या लोहाचा काही भाग 'हीम' रूपात असतो आणि तो आतड्यात सहज शोषला जातो. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह मात्र नखरेल. सोबत काय खाल्लं यावर त्याचं शोषण ठरतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. शरीराची खरी गरज त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. तरी आकडा एवढा मोठा ठेवावा लागतो, कारण आपल्या धान्यप्रधान जेवणातल्या लोहापैकी शंभरात जेमतेम आठ भाग शोषले जातील असं धरलेलं आहे. बाकीचं जसं आलं तसं बाहेर जातं.

शोषणाला अडवणारे मुख्य दोन. पहिलं फायटेट. ते धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत असतं आणि लोहाला घट्ट धरून ठेवतं. दुसरे म्हणजे चहा-कॉफीतली टॅनिनसारखी तुरट द्रव्यं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला, तर वनस्पतींतून मिळणाऱ्या लोहाचं शोषण निम्म्याने, कधी त्याहूनही जास्त घटतं. चहात दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. कॉफीचा परिणाम थोडा सौम्य असला तरी दिशा तीच.

आणि मदत करणारं? सगळ्यात मोठं नाव म्हणजे 'क' जीवनसत्त्व. ते लोहाचं रूप बदलतं आणि आतड्याला ते उचलणं सोपं जातं. लिंबू, संत्रं, आवळा, पेरू ही त्याची घरगुती नावं.

आता ती प्लेट पुन्हा बघा

शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, पण तेवढ्याच पोह्यांत साधारण साडेचार मिलिग्रॅम असतं. पालकात ते तीनच्या आसपास आहे. म्हणजे ज्या पोह्यांना आपण 'हलका नाश्ता' म्हणतो, ते या बाबतीत पालकाला मागे टाकतात. तर्रीतल्या हरभऱ्यात लोह आणखी जास्त. शिवाय हे हरभरे रात्रभर भिजलेले असतात. भिजवल्याने, आणि मोड आले तर आणखीनच, फायटेट कमी होतं.

वरून लिंबू पिळलं जातं, तेही प्लेट हातात आल्यावर. हे फार मोलाचं आहे, कारण 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं. उकळत्या भाजीत पिळलेल्या लिंबाची चव राहते, गुण बराचसा जातो. आणि कांदा? म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दाखवलं, की कांदा आणि लसूण सोबत असले तर धान्य-कडधान्यांतलं लोह आणि जस्त शोषणासाठी जास्त मोकळं होतं. ही परीक्षा माणसांवर नव्हे, परीक्षानळीत झाली होती. तरी झुणक्यात कांदा-लसूण घालायला हे एक जादा कारण झालं.

एवढं सगळं जुळून आलं, की आपण त्यावर कडक चहा ओततो!

चहा सोडा, असं मी म्हणणार नाही. विदर्भात असं म्हणून कोण ऐकेल? चहा थोडा पुढे ढकला, एवढंच म्हणणं आहे. खाणं आणि चहा यांत निदान एक तासाचं अंतर ठेवलं, तरी नुकसान बरंच कमी होतं. जेवणानंतर काहीतरी हवंच असेल, तर संत्रं खा. कारंजा, आर्वी, आष्टी हा आपल्याच जिल्ह्याचा संत्रापट्टा. हंगामात एका संत्र्यातून मिळणारं 'क' जीवनसत्त्व जेवणातलं लोह शोषायला भरपूर मदत करतं.

काकूंची कढई

पाककृतींची देवाणघेवाण आपल्याकडे हळदीकुंकवाला, भिशीला, नाहीतर कुंपणावरून चालते. संवाद साधारण असा असतो.

"काकू, तुमच्या आंबाडीच्या भाजीले अशी चव कशी येते वं?"

"काई नाई वं बाई, मी लोखंडाच्या कढईत टाकतो ना! त्यात तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या अन् वरून लसणाची फोडणी. तू त्या काळ्या प्यानमंदी करत असशीन, तं कुठून येईन चव?"

काकूंनी इथे चवीबरोबर रसायनशास्त्रही सांगितलं आहे. आंबट, रसदार पदार्थ लोखंडाच्या कढईत शिजतो तेव्हा भांड्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं. पदार्थ जेवढा आंबट आणि जेवढा वेळ शिजेल, तेवढं जास्त. आंबाडी मुळातच आंबट, त्यामुळे या कामाला ती अगदी योग्य. चिंच-गुळाचं वरण, टोमॅटोची भाजी, पातळ झुणका हेही कढईत छान होतात. नॉनस्टिक किंवा स्टीलच्या भांड्यात हा फायदा नाही.

मात्र भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर ती काळी पडते आणि लोखंडाची चव लागते. कढई धुतल्यावर कोरडी करून तेलाचा हात फिरवा, म्हणजे गंज चढणार नाही. गंज म्हणजे औषध नव्हे. तो खरवडून मगच कढई वापरा.

मगनवाडीची आठवण

जेवण आणि आरोग्य यांची सांगड घालण्याचा वर्ध्याचा इतिहास जुना आहे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्यातली मगनवाडी त्याचं केंद्र बनली. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांवर तिथे काम चाललं. 1936 मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्याआधी गांधीजी मगनवाडीत राहत होते. स्वस्तात पोषण कसं मिळेल, हा त्यांचा ध्यास होता. 1935 च्या सुरुवातीला 'हरिजन' साप्ताहिकातून त्यांनी हिरव्या पाल्याच्या पोषणमूल्यावर लिहिलं. तिथल्या स्वयंपाकघरात कच्च्या पाल्याचे प्रयोगही झाले.

नव्वद वर्षांनंतर त्या प्रयोगांकडे पाहताना दोन गोष्टी दिसतात. स्वस्त पालेभाजी ही गरिबाची पोषणाची पेटी आहे, हा विचार आजही टिकतो. चवळई, घोळ, चिवळ, मेथी यांना त्यामुळेच ताटात जागा हवी. हातसडीच्या तांदळाचं म्हणणंही खरं आहे, पण त्याला एक जोड लागते. कोंड्यासोबत लोह येतं तसं फायटेटही येतं. म्हणून कोंड्यासकट धान्य खाताना सोबत लिंबू, चिंच, कच्ची कोशिंबीर किंवा फळ हवं. धान्य भिजवणं-आंबवणंही उपयोगी. उन्हाळ्यातली ज्वारीची आंबील याच रांगेतली. कच्चा पाला खायचा असेल, तर वाहत्या पाण्यात तीन-चारदा धुवून घ्या.

बाहेर खाताना

कुठे खावं, हे ज्याची त्याची जीभ ठरवते. कसं निवडावं, हे मात्र सांगता येईल. लिंबू आणि कांदा डोळ्यांसमोर चिरून देणारी गाडी चांगली. तर्रीत नुसता तेलाचा तवंग न देता हरभरेही हात सैल सोडून देणारी त्याहून चांगली. मांसाहारी असाल, तर सावजी रश्श्यात तिखटाखाली मटणही पुरेसं आहे का ते बघा. मांसाच्या थोड्या तुकड्यांनी सोबतच्या भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. पाटोडी-रस्सा मागवला, तर जोडीला लिंबू आणि कांदा मागून घ्या. त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत.

ताट पुरेसं नसतं तेव्हा

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. योग्य जेवणाने रक्तक्षय टाळायला मदत होते, पण एकदा हिमोग्लोबिन खूप उतरलं, की पोहे आणि आंबाडीने ते भरून निघत नाही. त्यासाठी गोळ्याच लागतात. स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि गर्भवतीचं 11 च्या खाली गेलं, की तो रक्तक्षय. तपासणी साधी आहे आणि सरकारी दवाखान्यात होते. गर्भवतींना ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातून 180 दिवसांच्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात.

त्या गोळ्या अनेक घरांत कपाटात पडून राहतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळी होते. काळी शौच अपेक्षितच आहे, घाबरू नका. मळमळत असेल, तर गोळी रात्री जेवणानंतर घेऊन बघा. ती चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. लिंबूपाण्यासोबत घेतलेली उत्तम. आणि या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मुलांमध्ये जास्त मात्रा जिवावर बेतू शकते.

दुसरी गोष्ट विदर्भासाठी विशेष महत्त्वाची. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. आपल्या भागात सिकलसेल आजार आढळतो. थॅलेसेमिया, जंत, 'बी-12'ची कमतरता, पाळीतला अतिरक्तस्राव हीही कारणं असू शकतात. थॅलेसेमियासारख्या आजारात मनाने लोह घेणं घातकही ठरू शकतं. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी तपासणी करा. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. वर्धेकरांना सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत.

उद्यापासून एवढंच

हरभरे, मटकी, मूग रात्री भिजत घाला. आठवड्यातून दोन-तीनदा भाजी लोखंडाच्या कढईत करा. लिंबू गॅस बंद केल्यावर किंवा ताटातच पिळा. जेवणावर चहाऐवजी संत्रं, पेरू किंवा आवळ्याची फोड घ्या. घरातल्या ज्या बाईला सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय आहे, तिचं ताट आधी वाढा. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत भाजी संपलेली असते, आणि तिच्या वाट्याला भाकरी, लोणचं आणि चहाच येतो. लोहाचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं.

आणि चहा? तो चार वाजता निवांत घ्या. सोबत वर्ध्याचा गोरसपाक असेल, तर उत्तमच. तोवर सकाळच्या पोह्यांचं काम झालेलं असेल.