मुदतीची करसवलत

अमेरिकेतली बेकरी, गॅरेज किंवा रंगकामाचा छोटा धंदा बहुधा कंपनी म्हणून वेगळा प्राप्तिकर भरत नाही. नफा मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात जातो आणि घरच्या उत्पन्नासारखाच त्यावर कर बसतो. त्यामुळे तिथे घराचा कर आणि दुकानाचा कर हा एकच प्रश्न असतो.

२०१७ च्या करकायद्याने या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. मोठ्या कंपन्यांचा दर ३५ टक्क्यांवरून २१ वर आला, तो कायमचा. मुलामागे मिळणारी करसूट १,००० वरून २,००० डॉलर झाली, छोट्या व्यावसायिकांना नफ्यावर २० टक्के वजावट मिळाली. पण या दोन्हींना २०२५ अखेरची मुदत होती. ज्यांच्याकडे करसल्लागारांची फौज आहे त्यांना खात्री आणि हिशेब स्वतः मांडणाऱ्यांना टांगती तलवार, ही वाटणी अन्यायाचीच होती.

मुदत येते सिनेटच्या नियमातून. तिथे एरवी विधेयक पुढे न्यायला ६० मते लागतात. अर्थसंकल्पाच्या खास वाटेने साध्या बहुमतावर भागते, मात्र ठरावीक काळानंतर, सहसा दहा वर्षांनी, तूट वाढता कामा नये. म्हणून सवलतीलाच मुदत घालतात. २००१ ची करकपातही अशीच २०१० अखेर संपणार होती. ती दोन वर्षे लांबली आणि जानेवारी २०१३ मध्ये बहुतेक करदात्यांसाठी कायम झाली.

अशा मुदतीने काय होते, हे कलम १७९ मध्ये दिसते. या कलमाने यंत्राची किंमत वर्षानुवर्षे घसाऱ्यात न विभागता पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता येते. मर्यादा ५ लाख डॉलर होती. २०१३ सरताच ती २५ हजारांवर घसरली. समजा, एका बेकरीवाल्याला ६० हजारांची भट्टी घ्यायची होती. त्याने २०१४ चे वर्ष वाट पाहण्यात घालवले. १९ डिसेंबरला मुदतवाढीच्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली आणि त्या संपूर्ण वर्षासाठी जुनी मर्यादा परत आली. पण वजावटीसाठी भट्टी ३१ डिसेंबरपर्यंत वापरासाठी तयार हवी. ऑर्डर, वाहतूक, गॅसची जोडणी, चाचणी, सगळे बारा दिवसांत, तेही नाताळच्या गर्दीत! १ जानेवारीला मर्यादा पुन्हा खाली आली. डिसेंबर २०१५ मध्ये ती एकदाची कायम झाली.

कायम सवलतीवर तुटीचा आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. पण दर वेळी मुदत वाढवली तरी तिजोरीतून पैसा जातोच. फक्त खरा खर्च कागदावर दिसत नाही. सवलत द्यायची तर तिची पूर्ण किंमत मांडून, खर्चाची तजवीज करून द्यावी.

४ जुलै २०२५ च्या कायद्याने २० टक्क्यांची वजावट कायम झाली आणि मुलामागची सूट २,२०० डॉलरवर गेली. तुटीची पूर्ण तजवीज मात्र झाली नाही. त्याच कायद्यातली टिप आणि ओव्हरटाइमवरची वजावट पुन्हा मुदतीचीच आहे, २०२८ अखेरपर्यंत.