परसातील धूरहीन चूल : बांधणी व वापर

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्रातील वनसंपन्न जिल्हे होत. गडचिरोली जिल्ह्याचे दोन-तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू व बांबू यांनी भरलेल्या या प्रदेशात सरपणाची चिंता करण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु गावालगतचे रान विरळ होत जाते, तसतशी मोळीसाठी करावी लागणारी पायपीट वाढते. ही पायपीट बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्यास येते. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या सभोवार आणि ब्रह्मपुरीच्या वनभागात सरपण, मोहफुले अथवा तेंदूपाने गोळा करावयास गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्याच्या दुःखद घटना वारंवार घडल्या आहेत. सबब या भागात चुलीत वाचलेले प्रत्येक लाकूड म्हणजे रानातील एक धोक्याची फेरी टाळणे होय.

दुसरी हानी धुराची. साध्या चुलीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत व फुप्फुसांत जातो. तिच्या कडेवरील मुलाच्या छातीतही तो तितकाच जातो. चुलीच्या धुराने लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील बालमृत्यूंमध्ये या रोगाचा वाटा किती मोठा होता, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या व १९९० साली प्रसिद्ध झालेल्या कार्यावरून स्पष्ट झाले.

पूर्वीचे प्रयत्न

धूरहीन चुलीचा विचार विदर्भास नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्धा येथील मगनवाडीत होते व श्री. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. मगनवाडीतील प्रयोगांतूनच ‘मगनचूल’ प्रचारात आली. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला व त्यात देशभर कोट्यवधी चुली बसविण्यात आल्या. परंतु त्यांपैकी पुष्कळशा चुली काही वर्षांतच मोडल्या अथवा टाकून देण्यात आल्या. धुरांडी काजळीने तुंबली, ती कोणी साफ केली नाहीत. चुलीची भोके घरच्या भांड्यांस जुळली नाहीत. आणि जिने चूल पेटवावयाची, तिला बांधणीपूर्वी कोणी विचारले नाही.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला आहे. आरोग्याच्या दृष्टीने गॅस हाच श्रेयस्कर होय व शक्य तेथे रोजच्या स्वयंपाकास तोच वापरावा. तथापि सिलिंडरचा खर्च व दुर्गम गावांपर्यंतची वाहतूक यांमुळे चूल अद्यापि विझलेली नाही. अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबवण, कार्यप्रसंगीचा भात यांसाठी ती पेटतेच. ती पेटावयाची असेल, तर नीट बांधलेली असावी.

चुलीचे तत्त्व

तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा बहुतांश भाग वाऱ्याबरोबर व बाजूंनी वाया जातो. भांड्यास त्याचा लहानसा अंशच मिळतो. धूरहीन चुलीत जाळ चारी बाजूंनी मातीने बंद केलेला असतो. धुरांड्यातील ऊन हवा वर चढते व मुखातून ताजी हवा आत ओढली जाते. जाळ प्रथम पहिल्या भांड्यास, नंतर बोगद्यातून वैलावरील दुसऱ्या भांड्यास लागून मग धुरांड्याकडे जातो. अशा रीतीने एकाच जळणावर भात व वरण दोन्ही शिजतात. मात्र भांडे व भोक यांत फट राहिली, तर ही ओढ मोडते व धूर पुन्हा घरात येतो. म्हणून भोके भांड्यांच्या मापाने पाडणे, हे या बांधणीचे मर्म आहे.

जागा व माती

परसात, घराच्या भिंतीपासून थोडी दूर व नेहमीच्या वाऱ्याकडे मुख येणार नाही अशी जागा निवडावी. या भागात वर्षाकाठी बाराशे मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो; यास्तव दगड अथवा विटांचा सहा इंच उंच ओटा आणि वर कवेलूंचे छप्पर अवश्य असावे. चुलीचे काम दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत काढावे.

निव्वळ काळी कन्हार जमीन चुलीस योग्य नाही. ती वाळताना भेगाळते. मोरांड किंवा सिहार जमिनीतील माती, अथवा निर्जन वारुळाची माती घ्यावी. तीन घमेली चाळलेल्या मातीस एक घमेले धानाचे तूस अथवा बारीक तोडलेली तणस आणि अर्धे घमेले शेण मिसळावे. पाणी घालून मिश्रण दोन दिवस मुरू द्यावे व पायाने चांगले मळावे. मूठभर मातीचा गोळा करून उन्हात वाळवून पाहावा. तो तडकल्यास तूस वाढवावे. भुगा होऊन सुटल्यास माती वाढवावी.

बांधणी

१. ओट्यावर ३० इंच लांब, १६ इंच रुंद व १० इंच उंच असा भरीव ठोकळा थराथराने ठोकून बांधावा. एक-दोन दिवसांनी तो घट्ट, परंतु कोरण्याजोगा ओलसर असताना पुढील काम करावे.

२. पुढील कडेपासून ३ इंच सोडून मोठ्या गंजाच्या मापाचे, सुमारे ८ इंच व्यासाचे भोक आखावे. त्यामागे ४ इंच सोडून वैलासाठी ७ इंच व्यासाचे दुसरे भोक आखावे. त्यामागे २ इंच सोडून धुरांड्यासाठी ४ इंच व्यासाचे भोक आखावे.

३. पहिले भोक ८ इंच खोल कोरावे, म्हणजे तळाशी २ इंच माती राहील. पुढील बाजूने ७ इंच रुंद व ५ इंच उंच मुख पाडून ते या पोकळीस मिळवावे. वैल मात्र केवळ ५ इंच खोल ठेवावा, म्हणजे तेथे जाळ भांड्याच्या बुडास चिकटून जाईल.

४. दोन्ही भोके ४ इंच रुंद व ३ इंच उंच बोगद्याने जोडावीत. बोगद्याचे छत पहिल्या भोकाकडे माथ्यापासून ३ इंच व वैलाकडे २ इंच खाली असावे. चढ असल्याने जाळ सहज पुढे सरकतो. तसाच दुसरा बोगदा वैलापासून धुरांड्यापर्यंत काढावा.

५. धुरांड्याचे भोक ७ इंच खोल असावे. तळाशी पडणारी काजळी काढण्यास बाजूने लहान भोक ठेवून ते मातीच्या गोळ्याने बंद करावे.

६. धुरांड्यास ४ इंच आतील व्यासाचे भाजलेल्या मातीचे नळ वापरावेत. ॲस्बेस्टॉसचे नळ वापरू नयेत. नळांचा भार चुलीवर न येऊ देता ते भिंतीस अथवा खांबास तारेने बांधावेत. धुरांडे छपराच्या वर किमान दोन फूट जावे. छप्पर गवताचे असल्यास नळाभोवती नऊ इंच जागा मोकळी ठेवून तेथे पत्रा बसवावा. अन्यथा आग लागण्याचे भय असते.

७. ओल्या मातीतच घरची भांडी भोकांवर ठेवून फिरवावीत, म्हणजे काठ त्यांच्या आकाराचे बनतात. हे काम गृहिणीने स्वतः करावे.

चूल सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्यावी. वाळताना पडलेल्या भेगा पातळ चिखलाने भराव्यात. त्यानंतर दोन-तीन दिवस काटक्यांचा बारीक जाळ करावा. प्रथमच मोठा जाळ केल्यास चूल तडकते.

जळण व स्वयंपाक

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असते. असे दोन किलो लाकूड चुलीत घालणे म्हणजे सुमारे एक किलो पाणी विस्तवात ओतणे होय. ते आटविण्यात उष्णता खर्ची पडते व धूर होतो. म्हणून पावसाळ्याचे सरपण फेब्रुवारी ते मे या काळातच मनगटाएवढ्या ढलप्या फोडून, जमिनीपासून उचलून, आडोशाला रचून ठेवावे. धावड्याचे लाकूड टिकाऊ निखारा देते. पळसाचे लवकर जळून जाते. तुराट्या व पऱ्हाट्या पेटवणास उत्तम. धानाच्या बांधांवर बाभूळ किंवा सुबाभूळ लावल्यास काही वर्षांत घरचेच सरपण हाती येते.

पहिल्या भोकावर भाताचे आधण व वैलावर वरण ठेवावे. दोन्ही भोकांवर भांडी ठेवूनच चूल पेटवावी. एका वेळी दोन-तीनच ढलप्या घालून पुढे सारीत जावे; मुख लाकडांनी चोंदल्यास हवा कोंडते. भांड्यांवर झाकण असावे. डाळी आधी भिजवाव्यात. बांबूचे वास्ते उकळण्यासारखे वेळखाऊ काम वैलावर करावे. भाकरी मुखाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर चांगली फुगते. शेवटी उरलेल्या फुफाट्यात वांगी व रताळी भाजून निघतात.

धानाच्या प्रदेशात आणखी एक सोपा उपाय आहे. एका टोपल्यात अथवा पेटीत तणस दाबून भरावी व मध्ये गंजाएवढा खळगा ठेवावा. भातास उकळी येऊन दहा मिनिटे झाली, की झाकलेला गंज त्यात ठेवून वरून तणसाची उशी दाबावी. अर्ध्या-पाऊण तासात भात जाळावाचून शिजतो.

निगा

धुरांडे दर पंधरा दिवसांनी बांबूच्या टोकास चिंध्या बांधून साफ करावे व खालच्या भोकातून काजळी काढावी. राख रोज काढावी. ती परसातील भाजीपाल्यास उपयोगी पडते. चुलीस आठवड्यातून एकदा पोतेरे द्यावे व भेगा लगेच बुजवाव्यात. धूर मुखातून परत येऊ लागल्यास धुरांडे तुंबले आहे अथवा भांडे सैल बसले आहे, असे समजावे. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून कदापि झोपू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही व त्यास वासही नसतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या ग्रामसभांकडे असे हक्क आहेत, त्यांच्याकडे वनाच्या रक्षणाचे दायित्वही आले आहे. वनातून किती सरपण आणावे, हे ठरविताना गावात किती जळते, याचाही विचार त्यांनी करावा. प्रत्येक गावात प्रथम एक चूल नमुन्यादाखल बांधून दोन महिने वापरून पाहावी. तिच्यातील उणिवा स्त्रियांकडून समजून घेऊन मगच पुढील चुली बांधाव्यात, म्हणजे श्रम वाया जाणार नाहीत.