मिरवेलीचे फाटे कलम

श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागातील नारळी-पोफळीच्या वाड्यांत झाडांवर मिरवेल चढवतात. बी पेरून वेल करता येतो, पण तो उशिरा धरतो आणि मूळ वेलाचे गुण त्यात उतरतीलच असे नाही. म्हणून लागवड फाटे कलमानेच होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेलाच्या बुंध्याशी जमिनीवर पसरणारे धावते फुटवे निवडतात. कोवळे शेंडे व जून भाग वगळून २-३ डोळ्यांचे तुकडे करतात आणि पाने देठ राखून कापतात. आडव्या, फळणाऱ्या फांद्यांचे कलमही जगते, मात्र त्याचा वेल न होता झुडूप होते. कुंडीसाठी ते उत्तमच!

मिरवेलीच्या पेरावर मुळांचे अंकुर मुळातच असतात, त्यामुळे संप्रेरकाची पूड अत्यावश्यक नसते. किमान एक पेर मातीत गाडले, सावली आणि दमट हवा मिळाली की साधारण महिनाभरात मुळे दिसू लागतात. माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. वाळू नदीची हवी. किनाऱ्यावरची खारट वाळू मुळांना जाळते. नारळाचा भुसाही आधी गोड्या पाण्यात भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून वापरावा.

घरगुती उपायांत नारळपाण्याचा फार बोलबाला आहे. त्यातील सायटोकायनिन प्रामुख्याने पेशीविभाजनाला व फुटव्यांना चालना देते; मुळे फुटण्यात मुख्य वाटा ऑक्सिनचा. शिवाय साखरेमुळे बुरशी लवकर धरते. मध आणि दालचिनीची पूड बुरशी रोखण्यापुरतीच उपयोगाची.

मुळावलेली रोपे पावसाळ्याच्या सुरुवातीला पोफळीच्या उत्तर बाजूस लावतात, म्हणजे कडक ऊन टळते.