कोंबडीखाद्यातील प्रतिजैविके आणि मूत्रमार्गाचा संसर्ग

कोलकात्याच्या पश्चिम बंगाल पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठातील शास्त्रज्ञांना ब्रॉयलर कोंबड्यांत ईएसबीएल विकर निर्माण करणारे ई. कोलाय जिवाणू आढळले आहेत. हे विकर पेनिसिलिन व बहुतेक सेफॅलोस्पोरिन औषधे निष्प्रभ करते. माणसातील मूत्रमार्गाच्या बहुतांश संसर्गांस ई. कोलायच कारणीभूत असतो; शिवाय प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिडद्वारे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. वाढीसाठी खाद्यातून अल्प मात्रेत दिलेल्या प्रतिजैविकाने संवेदनशील जिवाणू मरतात, प्रतिकारक्षम तेवढे उरतात आणि विष्ठेवाटे शेतात पोहोचतात. कोलिस्टिन हे तर रुग्णालयातील अखेरच्या फळीचे औषध! अन्नोत्पादक पशू, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्यपूरकांसाठी त्याचे उत्पादन, विक्री व वितरण केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये प्रतिबंधित केले. खाद्याच्या पोत्यावरील घटक वाचूनच खरेदी करावी. कोंबडीखत पूर्ण कुजवूनच भाजीपाल्यास घालावे.