श्वासाची परीक्षा

नाडी पाहणारा वैद्य आपल्या परिचयाचा आहे. रोग्याचा श्वास हुंगणारा मात्र आपण विसरलो. मधुमेह हाताबाहेर गेला की रोग्याच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, हे जुन्या डॉक्टरांना पक्के ठाऊक होते. शरीराला साखर वापरता येईनाशी झाली की ते चरबी जाळू लागते. त्यातून अ‍ॅसिटोन निघते आणि रक्तावाटे फुप्फुसांत उतरते. पण आपल्या नाकाला हा वास लागेपर्यंत रोगी पुष्कळदा बेशुद्धीच्या उंबरठ्यावर आलेला असतो. निरोगी श्वासात अ‍ॅसिटोन दहा लाख भागांत साधारणपणे एका भागाहूनही कमी असते. तेव्हा अधिक तिखट नाक हवे.

ते धातूच्या ऑक्साइडचे, आपल्या वैद्यांच्या भाषेत भस्माचे, करता येते. कथिलाच्या किंवा टंगस्टनच्या ऑक्साइडचा थर तापवून ठेवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांवर बसतो, त्यांतले इलेक्ट्रॉन अडकवून धरतो आणि विजेची वाट अडते. अ‍ॅसिटोन आले की त्याचा त्या ऑक्सिजनशी संयोग होतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, अडथळा घटतो. ही घट मोजायची. मोठ्या कणात हा व्यवहार सालीपुरताच चालतो, गाभ्याला त्याची वार्ताही नसते. कण पाचसहा नॅनोमीटरांचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या पाचसहापट, केला की सारा कणच साल होतो! जपानच्या यामाझोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे दाखवून दिले.

अडचण निराळीच आहे. श्वास ओलसर असतो, आणि पाण्याची वाफही त्याच कणांवर बसते. शिवाय कडक उपास केला (साबुदाण्याचा नव्हे!) तर निरोगी माणसाच्या श्वासातही अ‍ॅसिटोन वाढते. म्हणून बोट टोचून रक्त पाहणे अजून सुटलेले नाही.